मे महिन्यात थरच्या वाळवंटात टपावरच्या तंबूत मुक्काम: मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

शाळेची सुट्टी आणि कचेरीतली शिल्लक रजा यांचा मेळ मुंबईकराला बहुधा मे महिन्यातच घालता येतो, आणि थरच्या वाळवंटात मुक्काम करण्यासाठी वर्षातला सर्वांत कठीण काळही नेमका तोच असतो. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि तो देशातला उच्चांक मानला जातो. तरीही उन्हाळ्यात वाळवंटात राहता येते, परंतु एका अटीवर: गाडीच्या टपावर घडी करून बसवलेला, उघडून शिडीने वर चढायचा तंबू हा फक्त रात्रीसाठी आहे हे आधी मनाशी पक्के करावे आणि दिवसासाठी वेगळी, खात्रीची सावली ठरवून मगच घराबाहेर पडावे. ही अट ज्यांना मान्य नसेल, ज्यांना दुपारीही तंबूतच पडून राहायचे असेल, त्यांनी डिसेंबरची वाट पाहावी.

दुसरी गोष्ट उन्हाच्या अंदाजाची. मुंबईत आपण उकाडा घामावरून मोजतो; सदरा पाठीला चिकटला की पाणी प्यावेसे वाटते. जैसलमेरला मे महिन्यातल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर दिसण्याआधीच उडून जातो, अंग कोरडेच राहते, आणि आपल्याला फारसा त्रास होत नाही असा समज होतो. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, तेव्हा दिवसभरात अंगातून किती पाणी गेले ते कळते. म्हणून तेथे तहानेवर विसंबू नये. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला थोडेथोडे प्यावे. या कोरडेपणाचा फायदाही आहे. मुंबईत निरुपयोगी ठरणारा कूलर तेथे खोली गार करतो, माठातले पाणी दात शिवशिवतील इतके थंड होते आणि ओला पंचा मानेभोवती गुंडाळला तर दहा मिनिटांत हुशारी वाटते. जाड कापडाची छागळ भरून गाडीच्या पुढच्या बाजूला, वारा लागेल अशी टांगली तर फ्रिजची उणीव बरीचशी भासत नाही.

तारीख आणि टप

तारखेची मुभा असेल तर मार्चचा उत्तरार्ध निवडावा. मे महिन्यातच जायचे असेल तर उघड्यावरच्या दोन रात्री पुरेशा मानाव्यात आणि उरलेले दिवस जैसलमेर किंवा जोधपूर शहरात काढावेत. निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान विभागाचे जिल्हावार इशारे रोज पाहावेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट जाहीर होते. जिल्ह्याला लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा, यात तडजोड नको. नारिंगी असेल तर बरोबर लहान मुले किंवा साठी ओलांडलेले कोणी नाही ना, हे पाहून ठरवावे.

आता गाडीचा टप. टपावरच्या तंबूचे वजन साधारण ४५ ते ८० किलो असते. कापडी आवरणाचे तंबू हलके आणि पेटीसारख्या टणक कवचाचे जड. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालेल याचा आकडा दिलेला असतो आणि तो गाडी चालत असतानाचा असतो, हे नीट समजून घ्यावे. तंबू, तो ज्यांवर बसतो ते आडवे बार आणि क्लॅम्प या सर्वांचे मिळून वजन त्या आकड्याच्या आत बसलेच पाहिजे. गाडी उभी असताना टप याच्या कितीतरी पट भार पेलतो, त्यामुळे तंबूत दोन माणसे झोपली तर टप दबेल की काय ही भीती सहसा अनाठायी असते. खरा धोका वळणावर आणि अचानक ब्रेक मारताना असतो. अनेक गाड्यांवरचे रूफ रेल, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांच्या लांब दांड्या, केवळ शोभेचे असतात आणि त्यांना बार अडकवणे म्हणजे महामार्गावर साठ किलोचा ठोकळा सैल सोडणे होय. रेल भार घेणारे आहेत की नाहीत हे शोरूममधल्या विक्रेत्याला न विचारता पुस्तिकेत पाहावे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. त्यामुळे टपाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून काही बसवू नये, क्लॅम्पने लागणारी आणि काढता येणारी जोडणीच घ्यावी, आणि शंका असेल तर आरटीओत विचारून घ्यावे.

मुंबईत आणखी एक अडचण उंचीची. एसयूव्हीवर बंद तंबू ठेवला की एकूण उंची दोन मीटरच्या पुढे जाते, आणि सोसायटीच्या स्टिल्टमधली तुळई, पोडियमचा उतार, स्टॅक पार्किंगचा पाळणा किंवा मॉलचे तळघर यांपैकी कोठेतरी ती अडते. तंबू बसवल्यावर जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत टेपने मोजून तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावा. तंबू चढवायला चार माणसे लागतात. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. हे सगळे नको असेल तर तंबू बसवलेली गाडी भाड्याने मिळते, आणि पहिल्या खेपेला तोच मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

नट आवळून झाले की प्रत्येक नटावरून क्लॅम्पपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढावी. मुंबईहून निघून मनोरला किंवा चारोटीला चहासाठी थांबलात की पाना न काढताही नुसत्या नजरेने कळते: रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला आहे. पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच नट बहुधा सैल होतात. पुढे रोज सकाळी एकदा पाहिले तरी चालते.

मुंबईतली तालीम

तंबू प्रथमच वाळवंटात उघडू नये. एखाद्या रविवारी मोकळ्या जागी गाडी नेऊन तंबू उघडणे आणि बंद करणे अंधारात, केवळ कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात करून पाहावे. घड्याळ लावावे. बंद करायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पुन्हा सराव करावा, कारण वावटळ येताना दिसल्यावर हाताशी साधारण तेवढाच वेळ असतो. घरातल्या सगळ्यांनी शिडीवरून रात्री एकदा उतरून पाहावे; गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांना मध्यरात्री लघवीसाठी उतरणे हाच या मुक्कामातला सर्वांत कठीण भाग वाटतो.

तंबूबरोबर येणारी फोमची गादी हिवाळ्यासाठी ठीक असते. उन्हाळ्यात ती अंगाची उष्णता धरून ठेवते. तिच्यावर चटई आणि त्यावर सुती चादर अंथरावी. तंबू विकत घेत असाल तर फिकट रंग, सुती मिश्रणाचे कापड आणि समोरासमोर मोठ्या जाळीच्या खिडक्या या तीन गोष्टी पाहाव्यात. काळ्या कवचाचा तंबू फोटोत छान दिसतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो.

पाणी, गाडी आणि सामान

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला दहा लिटर धरावा; त्यातले निम्म्याहून अधिक पिण्यासाठी, उरलेले स्वयंपाक, धुणे आणि अंग ओले करण्यासाठी. याखेरीज एक पूर्ण दिवसाचे पाणी राखीव ठेवावे आणि ते वेगळ्या कॅनमध्ये असावे, कारण एकच मोठा कॅन फुटला तर सगळेच जाते. नुसते पाणी पीत राहिल्याने घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही. ओआरएसची पाकिटे न्यावीत. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे. पन्हे आणि कोकम सरबताचा अर्क घरून बाटलीत भरून न्यावा. राजस्थानात जागोजागी ताक मिळते आणि ते दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावेच.

गाडीचे कूलंट, पंख्याचा पट्टा, बॅटरी आणि एसीचा फिल्टर निघण्यापूर्वी तपासून घ्यावे. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. महामार्गावर दुपारी टायर तापून दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढण्याचा मोह आवरावा. स्टेपनी, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, पंक्चरचे साहित्य, फावडे आणि ओढण्याचा पट्टा एवढे बरोबर असावे. वेड्या बाभळीचे काटे वाटेवर सगळीकडे पडलेले असतात. उन्हात बंद गाडीच्या आतले तापमान साठ अंशांपुढे जाऊ शकते. म्हणून गॅसची छोटी डबी, लायटर, पॉवर बँक आणि औषधे डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेशी न ठेवता, चादरीत गुंडाळून सीटखाली ठेवावीत, आणि गाडी दिवसभर उभी राहणार असेल तर खोलीत न्यावीत.

परदेशी प्रवासवर्णनांत वाळवंटासाठी सॅटेलाइट फोन न्यावा असा सल्ला हमखास असतो. भारतात परवान्याशिवाय तो जवळ बाळगणे गुन्हा आहे आणि सीमेलगतच्या जिल्ह्यांत तर त्यावरून थेट पोलीस ठाण्यात जावे लागते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रेही यातच येतात. त्यापेक्षा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डे, ऑफलाइन नकाशे, आणि आपला ठावठिकाणा रोज ठरल्या वेळी ज्याला कळवायचा असा मुंबईतला एक माणूस, ही व्यवस्था अधिक उपयोगाची. ड्रोन घरीच ठेवावा.

रस्ता

मुंबईहून अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर या मार्गे जैसलमेर सुमारे अकराशे ते बाराशे किलोमीटर पडते. हे अंतर दोन दिवसांत विभागावे आणि दोन्ही दिवशी पहाटे चारच्या सुमारास निघावे, म्हणजे दुपारी एकपर्यंत मुक्काम गाठता येतो. टपावर तंबू असताना वेग ताशी ८० ते ९० च्या आत ठेवावा. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि उघड्या माळावर बाजूने येणारा वारा तो चांगलाच जाणवून देतो. सांचोरच्या पुढे टाकी निम्म्यावर आली की भरून घ्यावी. कच्छचे रण मुंबईला जवळ आहे म्हणून काही जण तिकडे वळतात. परंतु तेथे मिठाच्या पापुद्र्याखाली अनेक ठिकाणी चिखल असतो, गाडी त्यात रुतते आणि सावलीसाठी झुडूपही नसते. उन्हाळ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कच्छ टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा

जैसलमेरच्या पश्चिमेला समचे आणि नैऋत्येला खुडीचे वाळूचे टेकाड, ही दोन्ही शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत आहेत. या परिसराचा मोठा भाग राष्ट्रीय मरु उद्यानात मोडतो आणि तो माळढोकच्या अखेरच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. तेथे वन खात्याच्या परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही. त्याच्याही पश्चिमेला सीमेचा पट्टा लागतो, तेथे स्थानिक पोलिसांना विचारल्याशिवाय मुख्य रस्ता सोडू नये. ओरण म्हणजे गावकऱ्यांनी देवाच्या नावाने राखलेली राने. त्यांत मुक्काम करू नये आणि लाकूड तर मुळीच तोडू नये. खेजडीचे, म्हणजे आपल्या शमीचे झाड वाचवण्यासाठी १७३० मध्ये खेजडलीच्या ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, त्या प्रदेशात शेकोटीसाठी फांदी मोडणाऱ्या पाहुण्याचे स्वागत कसे होईल हे सांगायला नको.

सर्वांत सोयीचा मार्ग असा की खुडीसारख्या गावात एखाद्या घरगुती निवासात दिवसापुरती खोली घ्यावी आणि त्यांच्याच आवारात किंवा शेतात गाडी उभी करून रात्री तंबूत झोपावे. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसते, त्यामुळे भाडे कमी पडते. शिवाय संडास, पाणी, कूलर आणि वाऱ्या-वादळाचा अंदाज सांगणारा यजमान, हे सगळे एका जागी मिळते. दुपारी खोलीत जाऊन पडणे यात कमीपणा काही नाही. गावातली माणसेही त्या वेळी घराबाहेर पडत नाहीत. जैसलमेर मुंबईपेक्षा किंचित पश्चिमेला आहे आणि तेथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात पाऊण वाजता; त्यामुळे सर्वांत कडक ऊन तीन-चारच्या सुमारास असते आणि साडेपाचपर्यंत बाहेर पडण्यात अर्थ नसतो. सूर्यास्त साडेसातच्या आसपास होतो.

वाळूवर गाडी नेण्याविषयी थोडक्यात: चारही चाकांना इंजिनची ओढ (फोर-व्हील ड्राइव्ह) नसलेली गाडी वाळूत घालू नये. ती असली तरी आधी पायी चालून पाहावे, टायरची हवा १८ ते २० पीएसआयवर आणावी, आणि परत डांबरी रस्त्यावर येताच कॉम्प्रेसरने पुन्हा भरावी.

संध्याकाळ आणि रात्र

जागेवर उजेड असतानाच पोहोचावे, परंतु तंबू सूर्य मावळल्यावरच उघडावा. वाऱ्याची दिशा आधी पाहावी. उन्हाळ्यात ती बहुधा नैऋत्येकडून असते, आणि जैसलमेरच्या आसपास क्षितिजावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या ती बिनचूक दाखवतात: पात्यांचे तोंड जिकडे असेल तिकडून वारा येत असतो. कापडी तंबूचा जो भाग गाडीबाहेर लोंबतो तो वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूला यायला हवा, नाहीतर वारा खालून शिरून तळ उचलतो. पेटीसारख्या तंबूची बिजागरी वाऱ्याकडे असावी. गाडी सपाट उभी आहे की नाही हे पाण्याची अर्धी बाटली तंबूच्या तळावर आडवी ठेवून कळते. उतार राहिलाच तर डोके वरच्या बाजूला यावे. हँडब्रेक ओढून चाकांना अटकाव लावावा. शिडीचे पाय वाळूत रुततात आणि माणूस चढला की शिडी तिरकी होते. त्यासाठी स्वयंपाकघरातला एक लाकडी पाट बरोबर न्यावा आणि तो शिडीखाली ठेवावा.

दिवसभर तापलेला तंबू उघडल्यावर सगळ्या खिडक्या मोकळ्या करून अर्धा तास तसाच सोडावा. वरचे पावसाळी आवरण काढून ठेवावे, जाळ्या मात्र बंद असाव्यात. गाडीचा टपही रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खालून शेक देत राहतो, म्हणून जेवण खाली उरकून उशिरा वर जावे. वाळू लवकर निवते. मध्यरात्रीनंतर हवा सुखद होते, पहाटे पातळ चादर लागते, आणि अमावास्येच्या जवळची रात्र साधली असेल तर दक्षिणेकडून वर चढणारी आकाशगंगा अंथरुणातूनच दिसते. सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो; सातपर्यंत तंबू आवरून झाला पाहिजे, कारण आठ वाजता त्यात बसवत नाही.

जमिनीपासून दोन मीटर वर झोपण्याचा खरा लाभ विंचू आणि साप यांच्यापासून मिळणारी सुटका हा आहे. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि फुरसे वाळूत दिसतही नाही. कोकणात ज्यांनी फुरसे पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. शिडीवरून अनवाणी उतरू नये, बूट वर घेऊन झोपावे आणि घालण्यापूर्वी झटकावेत. अतिनील टॉर्चच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे उतरण्यापूर्वी खालची जमीन तशा टॉर्चने पाहून घेता येते. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता, अवयव न हलवता, थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. तेव्हा असा दंश झाल्यावर झाडफुंकीत वेळ घालवू नये.

वादळाची चिन्हे ओळखावीत. मे-जूनमध्ये दुपारनंतर किंवा संध्याकाळी पश्चिमेचे आकाश मातकट होते, वारा क्षणभर पडतो, मग एकदम गार झोत येतो आणि मागोमाग धुळीची भिंत. मातकट पट्टा दिसताच तंबू बंद करून गाडीत बसावे. तेवढा वेळ मिळाला नाही तर तंबू तसाच सोडावा आणि माणसे गाडीत आणावीत. विजा कडाडत असतील तेव्हाही गाडीची बंद धातूची काया तंबूपेक्षा सुरक्षित असते. रस्त्यावर असाल तर गाडी डांबर सोडून पूर्ण बाजूला घ्यावी आणि दिवे बंद करावेत, म्हणजे मागचा चालक दिव्यांच्या रोखाने येऊन धडकत नाही.

उष्माघात

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही पहिली सूचना. अशा वेळी सावली, ओआरएस आणि विश्रांती पुरते. माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोक जाऊ लागला किंवा अंग चटके बसावेत इतके तापले, तर तो उष्माघात आहे आणि प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवावीत, आणि हे चालू असतानाच १०८ किंवा ११२ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापासाठीची पॅरासिटामॉलची गोळी येथे उपयोगाची नाही, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. राखीव पाण्याचा कॅन अशा प्रसंगासाठीच असतो, तो वापरताना हात आखडू नये.

परत आल्यावर

वाळवंटातली बारीक धूळ चेनच्या दातांत बसते आणि पुढच्या वेळी चेन फाटते. घरी आल्यावर तंबू उघडून आधी कोरड्या ब्रशने, मग ओल्या फडक्याने प्रत्येक चेन पुसावी आणि तिच्यावर मेणबत्ती घासावी. बिजागऱ्या आणि शिडीचे सांधे हवेने फुंकून घ्यावेत, गादीचे आवरण धुवावे. तंबू गच्चीवर दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवूनच बंद करावा, कारण लगेच जून येतो आणि मुंबईच्या पावसाळी हवेत किंचित ओलसर राहिलेल्या कापडावर पंधरवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे पुढे कशानेही जात नाहीत. शक्य असेल तर पावसाळाभर तंबू टपावरून उतरवून, जमिनीपासून वर, विटांवर किंवा फळ्यांवर ठेवावा. सोसायटीत जागा नसल्यास गावाकडच्या घराची पडवी त्यासाठी उत्तम. महिन्यातून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी तो तासभर उघडून ठेवावा.